दहा चिंचोके आणि बुधवारची मॅच

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. मधली सुट्टी संपायला पाचेक मिनिटं होती. वह्यांचा गठ्ठा सांभाळत मी सातवीच्या वर्गात शिरले, तर शेवटच्या बाकाभोवती ही गर्दी! मधोमध दोघे जण हातात हात धरून उभे आणि तिसरा वरून हात मारून तो सोडवतोय. म्हणजे पैज लागली होती.

"काय चाललंय रे?"

"काही नाही, बाई."

मुलं 'काही नाही' म्हणाली की बरंच काही असतं, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. शेवटी पहिल्या बाकावरच्या एकीनं फोडलंच. "बाई, आज रात्री एव्हर्टन-लिव्हरपूलची मॅच आहे. ह्यानं बूट लावलेत!"

आता आमचं गाव कोल्हापूर. इथं पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. तेव्हा फुटबॉलचे बूट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. या पोराच्या वडिलांची रिक्षा आहे. दिवाळीपासून त्यानं हट्ट धरला होता, आणि संक्रांतीच्या सुमारास बूट मिळाले होते. लिव्हरपूल जिंकलं नाही तर ते बूट दुसऱ्याला द्यायचे. जिंकलं तर दुसऱ्याची सायकल महिनाभर ह्याच्याकडे.

"अरे, वडिलांना विचारलंस का?"

"बाई, लिव्हरपूल हरतच नाही. शंभर टक्के!"

पैज तर मी तिथल्या तिथं मोडली. दोघांचे चेहरे उतरले. पण खरं सांगू का, दोस्तांनो? मनातून मलाही तसंच वाटत होतं. लिव्हरपूलच जिंकणार! माझा थोरला भाऊ तालमीकडून खेळायचा, त्यामुळे फुटबॉलमधलं मला थोडंफार कळतं, अशी माझी समजूत. मात्र तो 'शंभर टक्के' हा शब्द काही कानातून जाईना.

दुपारी गणिताचा तास होता. संख्यांचे वर्ग काढायची उजळणी चालू होती. म्हटलं, आज वर्गात वर्ग काढू या, पण फुटबॉलवर. पहिलीच्या बाईंकडून चिंचोक्यांचा डबा मागून आणला. प्रत्येकाला दहा चिंचोके. पाटीवर तीन रकाने आखायचे: एव्हर्टन जिंकेल, बरोबरी होईल, लिव्हरपूल जिंकेल. ज्याला जे जितकं खरं होईलसं वाटतं, तितके चिंचोके तिथं ठेवायचे.

ज्यांना हे संघ माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं बंदराचं शहर. तिथं पहिल्या दर्जाचे दोन व्यावसायिक संघ आहेत. निळा एव्हर्टन, लाल लिव्हरपूल. गंमत म्हणजे आज लिव्हरपूलचं म्हणून जगभर गाजलेलं अ‍ॅनफिल्डचं मैदान आधी एव्हर्टनचं होतं! १८८४ पासून ते तिथं खेळत. पुढे मैदानाच्या भाड्यावरून जॉन हूल्डिंग या गृहस्थांशी त्यांचं बिनसलं. १८९२ मध्ये एव्हर्टनवाले चंबूगबाळं आवरून स्टॅन्ली पार्क या बागेच्या पलीकडे, गुडिसन पार्कवर गेले. हूल्डिंगसाहेबांकडे मैदान उरलं, पण खेळायला संघ नाही! मग त्यांनी नवाच संघ काढला, तोच लिव्हरपूल. भाडेकरू गेला म्हणून घरमालकानं नवं बिऱ्हाड थाटलं म्हणा ना. दोन मैदानांत एक मैलाचंही अंतर नाही. एकाच घरात आई निळी आणि बाबा लाल, असं तिथं सर्रास असतं. एकाच गावातल्या दोन संघांच्या सामन्याला 'डर्बी' म्हणतात.

आणि हा सामना बुधवारी का? खरं तर तो ७ डिसेंबर २०२४ ला, शनिवारी व्हायचा होता. 'डाराग' नावाचं वादळ आलं आणि सामना पुढे ढकलला गेला. गुडिसन पार्कवरची ही शेवटची लीग डर्बी होती, कारण एव्हर्टन त्या उन्हाळ्यानंतर मर्सी नदीकाठच्या नव्या स्टेडियमवर जाणार होतं. सव्वाशेहून जास्त वर्षांचा हिशेब त्या एका रात्री मिटायचा होता.

तर चिंचोके वाटून झाले आणि वर्गात वाद सुरू झाला.

लाल बाजूचं म्हणणं सोपं होतं. लिव्हरपूल लीगमध्ये पहिलं. २३ सामन्यांत १७ विजय, ५ बरोबरी, हार फक्त एक. एव्हर्टनचे तेवढ्याच सामन्यांत ६ विजय. संपला विषय!

"पण बाई, रविवारी लिव्हरपूल हरलं की," एक जण म्हणाला. बरोबर होतं त्याचं. ९ फेब्रुवारीला, म्हणजे तीनच दिवस आधी, एफए कपमध्ये प्लिमथ नावाच्या संघानं त्यांना १-० असं हरवलं होतं. आणि प्लिमथ तेव्हा दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये तळाला! हे ऐकून बऱ्याच जणांनी घाईघाईनं एक-दोन चिंचोके सरकवले. मी विचारलं, "त्या दिवशी सलाह खेळला होता का? व्हॅन डाइक?" नव्हते खेळले. बुधवारच्या सामन्यासाठी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती. म्हणजे तो निकाल एका वेगळ्याच लिव्हरपूलचा होता! चिंचोके पुन्हा परत गेले. आठवड्याच्या मधल्या सामन्यांचा अंदाज अवघड असतो, तो यामुळेच. शनिवार-रविवारी एक, मंगळवार-बुधवारी दुसरा. मधे पाय मोकळे व्हायलाही वेळ नाही. कोण दमलंय, कोणाला बसवलंय, हे बघितल्याशिवाय मागचा निकाल नुसता वाचून उपयोग नाही.

मग घरच्या मैदानाचा मुद्दा निघाला. यजमान संघ जास्त जिंकतो, हे जगभर दिसतं. का बरं? कुणी म्हणालं, पाहुण्यांना प्रवासाचा शीण येतो. पण इथं पाहुणे बाग ओलांडून येणार! मग उरले प्रेक्षक. याची चाचणी करोनाच्या साथीनं आपसूक घेतली. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. त्या वर्षी यजमान १४४ वेळा जिंकले आणि पाहुणे १५३ वेळा. पाहुणे यजमानांपेक्षा जास्त जिंकण्याची त्या लीगच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. त्याच मोसमात एव्हर्टननं रिकाम्या अ‍ॅनफिल्डवर २-० असा विजय मिळवला, तोही १९९९ नंतर प्रथमच! आरडाओरडा नुसता कानांना त्रास देत नाही, तर. गुडिसनवर त्या रात्री काय आवाज असणार, याची कल्पना करा.

"आणि गेल्या वर्षीपण बुधवारच होता," दुसऱ्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली. २४ एप्रिल २०२४, गुडिसन पार्क. लिव्हरपूल विजेतेपदाच्या शर्यतीत होतं आणि एव्हर्टननं २-० असा धक्का दिला होता. ही मुलगी बोलते कमी. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र तिचे आकडे चालू होते.

मग मीही एक जुना बुधवार सांगितला. २० फेब्रुवारी १९९१. एफए कपच्या पाचव्या फेरीत या दोघांचा पहिला सामना ०-० सुटला, म्हणून गुडिसनवर पुन्हा खेळवला. लिव्हरपूल तेव्हा लीगचे विजेते. ते पुढे गेले; एव्हर्टननं बरोबरी केली. पुन्हा पुढे, पुन्हा बरोबरी. असं चार वेळा! बदली म्हणून उतरलेल्या टोनी कॉटीनं शेवटच्या क्षणी गोल केला आणि जादा वेळेत आणखी एक. ४-४! दोनच दिवसांत लिव्हरपूलचे व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांनी राजीनामा दिला. पुढच्या बुधवारी तिसऱ्यांदा खेळले, तेव्हा एव्हर्टन १-० असं जिंकलं. सामन्याआधी ४-४ असा अंदाज कुणी सांगितला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

एवढ्यात मागून आवाज आला, "बाई, आपण ऑक्टोपसला विचारू या!"

सगळे हसले. तुम्हाला ठाऊक असेल, जर्मनीतल्या ओबरहाउजेनच्या मत्स्यालयात पॉल नावाचा ऑक्टोपस होता. २०१० च्या विश्वचषकात त्याच्यापुढे दोन संघांचे झेंडे लावलेले दोन डबे ठेवत, आत खाऊ. तो ज्या डब्याकडे जाईल तो संघ जिंकणार! आठ सामने सांगितले, आठही बरोबर. अंतिम सामनासुद्धा.

मी म्हटलं, "चला, आपल्या वर्गात अष्टपाद महाराज कोण आहेत ते शोधू." चौतीस मुलं उभी केली. मी नाणं उडवणार. छापा वाटत असेल त्यानं हात डोक्यावर ठेवायचा, काटा वाटत असेल त्यानं कमरेवर. चुकला तो खाली बसला. पहिल्या फेकीला पंधरा उरले, मग आठ, मग पाच, मग दोन आणि पाचव्या फेकीला एकच. पाचही वेळा अचूक! टाळ्या पडल्या, महाराजांनी आशीर्वादही दिले. मग सहाव्यांदा नाणं उडवलं आणि महाराज चुकले.

पॉलचं काय मग? आठ वेळा दोनातून एक बरोबर निवडायचं म्हणजे दोनचा आठदा गुणाकार, २५६. दोनशे छप्पन्न प्राण्यांना विचारलं तर त्यातला एखादा निव्वळ नशिबानं आठही बरोबर सांगणार, आणि वर्तमानपत्रात नाव फक्त त्याचंच येणार! हाच पॉल २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी दोनदा चुकला होता, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आणखी एक गंमत पाहा. पॉलच्या पुढे डबे दोनच होते. बरोबरीचा डबाच नव्हता! आमच्या पाट्यांवरही तसंच झालं होतं. मधल्या रकान्यात कुणाचा एक चिंचोका, कुणाचा तोही नाही. माणसाला कोण जिंकणार हे सांगायला आवडतं. कुणीच जिंकणार नाही, हे सांगायला मजा येत नाही. इंग्लंडात यावर एक मोठा धंदा उभा राहिला. १९२३ मध्ये लिव्हरपूल शहरातच जॉन मूर्स आणि त्यांच्या दोन मित्रांनी 'लिटलवुड्स' नावानं फुटबॉल पूल्स सुरू केले. छापील कुपनावर सामन्यांचे निकाल लिहायचे आणि पैशांसह धाडायचे. पुढे सर्वांत मोठं बक्षीस असे बरोबरीत सुटणारे आठ सामने ओळखण्याला. कारण तेच सर्वांत अवघड! लाखो घरांत दर आठवड्याला कुपनं भरली जात. श्रीमंत झाले ते मूर्स. इतके की पुढे ते एव्हर्टन क्लबचे अध्यक्षही झाले. कुपन भरणाऱ्यांतले किती श्रीमंत झाले, हा प्रश्न मी मुलांना विचारला नाही. पण बूटवाला माझ्याकडेच बघत होता. आई-बाबांनो, आता कुपन पोस्टानं पाठवावं लागत नाही, ते मुलांच्या हातातल्या मोबाइलवर येतं. जरा लक्ष असू द्या.

याच पूल्सचा एक किस्सा सांगायचाच राहिला. १९६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडात अशी थंडी पडली, की मैदानं गोठली आणि आठवडेच्या आठवडे सामने रद्द झाले. मग कुपनांचं काय? पूल्सवाल्यांनी माजी खेळाडू, एक माजी पंच अशी मंडळी एका खोलीत बसवली. न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांनी ठरवायचे, आणि ते कुपनांपुरते खरे धरायचे! मैदानावर बर्फ, आणि निकाल तयार. "बाई, मग परीक्षेचंपण तसंच करू या की," असं एकानं लगेच सुचवलं.

शेवटी मी सर्वांना पाट्या पक्क्या करायला सांगितल्या. बूटवाल्यानं दहाच्या दहा लिव्हरपूलवर ठेवले. मी आठ लिव्हरपूल, बरोबरी एक, एव्हर्टन एक. दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं एव्हर्टन दोन, बरोबरी चार, लिव्हरपूल चार.

"बरोबरीला चार? का गं?"

तिनं वही दाखवली. एव्हर्टनचे २३ पैकी ८ सामने बरोबरीत सुटलेले. आणि गुडिसन पार्कवर सगळ्या स्पर्धा धरून या दोघांचे आजवर ११९ सामने झाले होते. ४१ एव्हर्टननं जिंकलेले, ४१ लिव्हरपूलनं आणि ३७ बरोबरीत! (आकडे मीच मोबाइलवर काढून फळ्यावर लिहिले होते. लिहिले, पण वाचले तिनं.) "आणि बाई, फुटबॉलमध्ये गोल असतातच किती? दोन नाहीतर तीन." हे तर लाखातलं बोलली. क्रिकेटच्या वीस षटकांत १२० चेंडू पडतात, त्यात चांगला संघ आपली चूक भरून काढू शकतो. फुटबॉलच्या एका सामन्यात सरासरी तीनच्या आसपास गोल. त्यातला एखादा इकडचा तिकडे झाला की पारडं फिरलं. पूर्ण मोसमात दुधाचं दूध होतं. एका रात्रीत नाही.

आणखी एक मुलगा होता, फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेला. त्यानं ३, ४, ३ असे वाटून टाकले. "मला त्यातलं काही कळत नाही, बाई. एक उरला तो मधे ठेवला."

सामना तिकडच्या संध्याकाळी साडेसातला, म्हणजे आपल्याकडे रात्री एकला. तोवर आपला गुरुवार उजाडलेला! कुणीही जागायचं नाही, असं मी बजावलं. मी स्वतः जागले, हे मात्र इथं कबूल करते.

अकराव्या मिनिटाला बेटोचा गोल, एव्हर्टन १-०. पाचच मिनिटांत मॅक अ‍ॅलिस्टरनं डोक्यानं बरोबरी केली. ७३ व्या मिनिटाला सलाह, लिव्हरपूल २-१. नव्वद मिनिटं झाली. भरपाईची मिनिटं सुरू झाली. माझे आठ चिंचोके सुखरूप! आणि भरपाईच्याही आठव्या मिनिटाला एव्हर्टनच्या जेम्स टार्कोव्स्कीनं वेगात येऊन असा काही फटका मारला, की चेंडू थेट जाळ्याच्या वरच्या भागात. पंचांनी व्हिडिओ तपासला, काही मिनिटं सगळं स्टेडियम श्वास रोखून उभं, आणि गोल मान्य! २-२. शिट्टी झाल्यावर खेळाडूंची बाचाबाची झाली, दोन्ही बाजूंना लाल कार्डं निघाली, लिव्हरपूलच्या प्रशिक्षकांनाही मिळालं. गुडिसनचा अखेरचा हिशेब असा: १२० सामने, ४१ विजय ह्यांचे, ४१ त्यांचे, ३८ बरोबरीत.

सकाळी शाळेच्या फाटकातच बूटवाला भेटला. काही बोलला नाही. पायात बूट होते.

मग आम्ही दंड काढला. ही पद्धत माझी नाही बरं का. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसापाण्याचे अंदाज तपासण्यासाठी अशी पद्धत सुचवली. जे घडलं तिथं दहा चिंचोके असायला हवे होते, बाकी दोन्हीकडे शून्य. जितकी तफावत, तिचा वर्ग करायचा आणि तिन्ही वर्गांची बेरीज घ्यायची. दंड जितका कमी, तितका अंदाज चांगला. बूटवाल्याचा दंड २००. त्याहून जास्त पडूच शकत नाही! माझा १ अधिक ८१ अधिक ६४, म्हणजे १४६. बाईंना १४६ म्हटल्यावर वर्ग काय हसलाय! आकडेवाल्या मुलीचा ५६. आणि सर्वांत कमी? 'मला काही कळत नाही'वाल्याचा, ५४!

ती मुलगी हिरमुसली. मी म्हटलं, "अगं, एका सामन्यावरून संघाची पारख होत नाही, तशी अंदाज सांगणाऱ्याचीही होत नाही. थांब जरा."

२ एप्रिलला पुन्हा बुधवार, पुन्हा तीच जोडी, या वेळी अ‍ॅनफिल्डवर. पुन्हा चिंचोके. लिव्हरपूल १-० असं जिंकलं. ३-४-३ वाल्यानं पाटी तशीच ठेवली होती, दंड ७४. मुलीनं एव्हर्टन एक, बरोबरी तीन, लिव्हरपूल सहा ठेवले होते, दंड २६. दोन्ही मिळून तिचे ८२ आणि त्याचे १२८. त्या मोसमात लिव्हरपूल विजेतं ठरलं. पण विजेत्यांनासुद्धा ३८ पैकी १३ सामने जिंकता आले नव्हते.

बूटवाल्यानं या वेळी लिव्हरपूलवर सात ठेवले होते, बरोबरीवर दोन, एव्हर्टनवर एक. दंड १४, वर्गात सर्वांत कमी. तरी तो पाटी घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"बाई, लिव्हरपूल जिंकलं, तरी दंड पडला की."

"मग दहा का नाही ठेवलेस?"

तो थोडा वेळ पाटीकडं बघत राहिला. "दहा ठेवायला भीती वाटली," म्हणाला, आणि चिंचोके मोजून डब्यात टाकायला लागला.